एअरबॅगचा लाइट विझत नाही: बडोद्यातल्या गाडीमालकांचे आणि कारागिरांचे वारंवार येणारे प्रश्न

ही उत्तरं दोघांसाठी आहेत: डॅशबोर्डवर लाल लाइट पाहून काळजीत पडलेल्या गाडीमालकासाठी, आणि गॅरेजमध्ये ती गाडी हातात घेणाऱ्या कारागिरासाठी. जे काम शिकलेल्या माणसानेच करायचं आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर मॅन्युअलचाच धरायचा.

चावी ऑन केली की एअरबॅगचा लाइट लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. हा दोष आहे का?

नाही, तसंच व्हायला हवं. चावी ऑन होताच कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, स्वतःची, सेन्सरची आणि प्रत्येक एअरबॅगच्या सर्किटची तपासणी करतो. साधारण सहा सेकंदांत ती पूर्ण होते आणि लाइट जातो. काही गाड्यांत तो सलग न राहता लुकलुकतो. दोष तीन प्रसंगी समजायचा: लाइट विझलाच नाही, चालत्या गाडीत पुन्हा लागला, किंवा चावी ऑन करूनही लागलाच नाही.

लाइट लागून राहिला आहे. अपघात झाला तर एअरबॅग उघडेल का?

उघडणार नाही, असं धरूनच चाला. काही गाड्यांत मॉड्यूल फक्त बिघडलेलं सर्किट बाजूला ठेवतो आणि बाकीच्या एअरबॅग तयार असतात. काही गाड्यांत एका दोषापायी सगळी यंत्रणाच बंद पडते. तुमच्या गाडीत यातलं काय झालं आहे, हे लाइटकडे पाहून कळत नाही. सीटबेल्ट नेहमीसारखा धरून ठेवेल, पण धडकेच्या क्षणी बेल्ट मागे खेचणारा प्रीटेन्शनर त्याच मॉड्यूलवर चालतो, त्यामुळे तोही निकामी असू शकतो. गाडी चालते, ब्रेक लागतात, म्हणून हे काम महिनोन्‌महिने पुढे ढकललं जातं. तसं करू नका.

उलटी भीतीही पुष्कळांना असते: लाइट लागला म्हणजे एअरबॅग वाटेत आपोआप फुटेल का? नेहमीच्या दोषांत, म्हणजे सैल कपलर (तारा जोडणारा प्लग), तुटलेली तार, कमी व्होल्टेज यांत, तसं होत नाही. मॉड्यूल धडक ओळखल्याशिवाय करंट सोडत नाही. धोका असतो तो चुकीच्या हाताळणीत, आणि त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

चावी ऑन केल्यावर लाइट लागतच नाही, मग गाडी ठीक आहे ना?

हा लागून राहिलेल्या लाइटपेक्षा वाईट प्रकार आहे, आणि जुनी गाडी घेताना तर नक्की तपासायचा. दोष दुरुस्त न करता मीटरमधला बल्ब काढतात, त्यावर काळी पट्टी चिकटवतात, किंवा त्याची तार ऑइलच्या अथवा बॅटरीच्या लाइटला जोडून देतात.

ओळखायची रीत सोपी आहे. चावी ऑन करा, पण सेल मारू नका. सहा-सात सेकंद थांबा. खरा एअरबॅग लाइट इंजिन बंद असतानाच आपला आपण विझतो आणि ऑइलचा व बॅटरीचा लाइट मात्र लागलेला राहतो. एअरबॅगचा लाइट या दोघांसोबत लागून राहिला आणि इंजिन सुरू होताच तिघे एकदम विझले, तर तार फिरवलेली आहे. त्या गाडीचा सौदा स्कॅन रिपोर्ट पाहिल्याशिवाय करू नका.

मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर लावला, तो 'दोष नाही' म्हणतो. मग लाइट का?

कारण तो फक्त इंजिनचे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड 'बी' या अक्षराने सुरू होतात आणि वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतात. एसआरएस, म्हणजे एअरबॅगची यंत्रणा, वाचणारा स्कॅनर लागतो. गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हाच विचारा की स्कॅनर एसआरएस उघडतो का. त्याच स्कॅनरवर प्रत्येक सर्किटचा रेझिस्टन्स ओहममध्ये थेट दिसत असेल, तर अर्धं निदान बसल्या जागी होतं.

कारागिरासाठी एक नियम: काहीही सोडवण्याआधी कोड लिहून घ्या, फोटो काढा, आणि तो दोष 'चालू' आहे की 'जुना' ते नोंदवा. आधी कोड पुसून मग शोधायला बसलं, की येऊन-जाऊन असणारा दोष हातातून निसटतो.

कोड मिळाला. त्याचा अर्थ कसा लावायचा?

प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, पण एअरबॅगच्या सर्किटचे दोष चारच जातींचे असतात: रेझिस्टन्स जास्त, रेझिस्टन्स कमी, तार अर्थला (गाडीच्या पत्र्याला) चिकटली, तार बॅटरीच्या प्लसला चिकटली. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत ड्रायव्हर एअरबॅगसाठी हेच चार क्रमाने बी१३४६, बी१३४७, बी१३४८ आणि बी१३४९ असे येतात.

एअरबॅगच्या आत स्क्विब नावाचा छोटा पेटवणारा भाग असतो, त्याचा रेझिस्टन्स साधारण २ ते ३ ओहम. मॉड्यूल अगदी बारीक करंट सोडून तो सतत मोजत असतो. तार तुटली, पिन सैल झाली किंवा गंज चढला, की आकडा वाढतो. एवढ्या लहान आकड्यात एका गंजलेल्या पिनेचा एखादा ओहमही मॉड्यूलला पुरेसा होतो, म्हणून वरून धडधाकट दिसणारा कपलरही दोषी निघतो.

'रेझिस्टन्स कमी' हा कोड मात्र कारागिरांना फसवतो. हा कोड आला की आधी दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील असं वाटतं, आणि वायरिंग उसवायला सुरुवात होते. पण एअरबॅगच्या पिवळ्या कपलरच्या आत एक छोटी स्प्रिंगची पट्टी असते. कपलर सुटला की ती दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते, म्हणजे स्थिर विजेने किंवा भटक्या करंटने एअरबॅग पेटू नये. कपलर पूर्ण आत बसला, की समोरच्या भागातली प्लास्टिकची जीभ ती पट्टी उचलते. कपलर अर्धवट बसला, तर पिना जोडल्या जातात पण पट्टी उचलली जात नाही, आणि मॉड्यूलला शॉर्ट दिसतो. त्यामुळे वायरिंगला हात लावण्याआधी कपलर काढून, पट्टी पाहून, 'टिक' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा.

मल्टिमीटरने एअरबॅगचा रेझिस्टन्स मोजला तर काय बिघडतं?

एअरबॅगवर मीटर लावायचाच नाही. सर्व कंपन्यांची मॅन्युअल हे बजावून सांगतात. नेहमीच्या स्क्विबला पेटायला साधारण १.२ अँपिअर करंट २ मिलिसेकंद पुरतो. डिजिटल मीटर याच्या खूप खाली राहतो, पण जुना काट्याचा मीटर, खराब मीटर किंवा चुकीची रेंज यांचा भरवसा नाही. टेस्ट लॅम्प तर सरळ घातक. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे पेटण्यासाठी लागतो त्याहून अधिक. एअरबॅग ३०-४० मिलिसेकंदांत पूर्ण फुगते. तेवढ्या वेळात हात मागे घेता येत नाही.

मोजमाप वायरिंगचं करता येतं, तेही दोन्ही टोकं सुटी असताना: एअरबॅगही काढलेली आणि मॉड्यूलचा कपलरही काढलेला. मॉड्यूलच्या कपलरमध्येही शॉर्टिंग पट्ट्या असतात, म्हणून दोन तारांमध्ये मीटर लावला तर चांगली वायरिंगही शॉर्ट दाखवते. पट्टी आणि पिन यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवून मगच वाचन घ्या. तार टोकापासून टोकापर्यंत १ ओहमच्या आत हवी, आणि अर्थशी अजिबात जोडलेली नको.

बॅटरी काढून किती वेळ थांबायचं?

मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरीची तार तुटली तरी एअरबॅग उघडावी, यासाठी तो चार्ज धरून ठेवतो. तो रिकामा व्हायला किती वेळ द्यायचा, हे कंपनीनुसार १ मिनिटापासून १० मिनिटांपर्यंत बदलतं. मॅन्युअल हाताशी नसेल तर १० मिनिटं थांबा. आधी चावी ऑफ, मग मायनस टर्मिनल काढून त्यावर कापड गुंडाळा. काच खाली आणि चावी बाहेर ठेवा, नाहीतर लॉक अडकून दुसरंच काम निघतं. वेल्डिंग असेल, डॅशबोर्ड उघडायचा असेल किंवा गीअरच्या दांड्याभोवतीच्या खोक्याजवळ, जिथे मॉड्यूल असतो, हातोडी चालवायची असेल, तरी हीच तयारी करायची.

हॉर्न वाजत नाही, स्टेअरिंगवरची बटणं बंद, आणि एअरबॅगचा लाइटही आहे. हे तीन दोष आहेत का?

बहुधा एकच: क्लॉक स्प्रिंग. स्टेअरिंग फिरतं आणि कॉलम स्थिर असतो, तर तारा पिळल्या जाऊ नयेत म्हणून मध्ये पट्टीसारखी केबल घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे गुंडाळलेली असते. हॉर्न, बटणं आणि ड्रायव्हर एअरबॅग यांच्या तारा तिच्यातून जातात. केबल तडकली की सुरुवातीला दोष वळणावरच येतो. स्कॅनरवर लाइव्ह डेटा (थेट दिसणारा रेझिस्टन्स) लावून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आकडा एका ठरावीक जागी उडी मारत असेल, तर शोध संपला. मात्र चावी ऑन असताना पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही.

लाइव्ह डेटा नसेल तर बदली रेझिस्टरने शोधा. बॅटरी काढून थांबल्यावर ड्रायव्हर एअरबॅग सोडवा. ती काही गाड्यांत टॉर्क्स बोल्टवर, काहींत स्प्रिंगच्या क्लिपवर असते. एअरबॅगऐवजी कपलरवर २ किंवा २.२ ओहमचा रेझिस्टर लावा, बॅटरी जोडा, गाडीबाहेर उभं राहून चावी ऑन करा आणि कोड पुन्हा वाचा. दोष गेला, तर तो एअरबॅगमध्ये किंवा तिच्या कपलरमध्ये आहे. तोच दोष राहिला, तर पुन्हा बॅटरी काढून, थांबून, रेझिस्टर क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या बाजूच्या कपलरवर न्या. आता गेला तर क्लॉक स्प्रिंग दोषी. तरीही राहिला तर वायरिंग किंवा मॉड्यूल. याच क्रमाने चाललं की महागडा मॉड्यूल विनाकारण बदलला जात नाही.

काढलेली एअरबॅग नेहमी कव्हरची बाजू वर करून ठेवा, वर काही ठेवू नका, आणि नेताना कव्हर अंगापासून लांब धरा. पालथी ठेवलेली एअरबॅग पेटली तर ती उडून छताला लागते.

नवी क्लॉक स्प्रिंग बसवली आणि आठवड्यात तुटली. माल खराब होता का?

बसवताना मधला बिंदू साधला नसेल. पुढची चाकं सरळ करा. क्लॉक स्प्रिंग हलक्या हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवा, मग उलट बाजूला मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे मोजत आणा, साधारण अडीच, आणि खुणा जुळवा. नव्या भागावर मध्य धरून ठेवणारी पिन किंवा स्टिकर असतो, तो बसवल्यावरच काढायचा. स्टेअरिंग रॅक किंवा कॉलमचं काम करताना स्टेअरिंग बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं तर चांगली क्लॉक स्प्रिंगही पहिल्याच पूर्ण वळणात फाटते.

सीट कव्हर बसवून आणल्यापासून लाइट लागला आहे.

सीटखाली पाहा. तिथल्या पिवळ्या कपलरमधून साइड एअरबॅग आणि बेल्टच्या बकलच्या तारा जातात. कव्हर ओढताना, व्हॅक्यूम मारताना किंवा सीटखाली छत्री सारताना तो हलतो. सीट पुढे-मागे केली की लाइट येतो-जातो, ही त्याची खूण. काम वरच्याच पद्धतीने: बॅटरी काढा, थांबा, कपलर काढून पिना पाहा, पुन्हा नीट बसवा.

सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल, तर त्या बाजूला उसवणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या. जाड रेक्झिनचं बंद कव्हर साइड एअरबॅगला अडवतं. लाइट न लागताही ती निरुपयोगी होते.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. आता सुरू आहे, पण काही महिन्यांनी एअरबॅगचा लाइट आला.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी अकोटा, समा, फतेगंज या भागांत शिरलं, तेव्हा तळघरातल्या आणि सोसायट्यांतल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्यांत हा दोष उशिराने येतो, आणि त्याला कारण आहे. मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गीअरच्या दांड्याभोवतीच्या खोक्याखाली, थेट फरशीच्या पत्र्यावर बसवलेला असतो. सीटखालचे कपलरही तितकेच खाली. वरचा गालिचा वाळला तरी त्याखालचा फोम ओलावा धरून राहतो, पिनांवर हिरवा-पांढरा गंज हळूहळू चढतो, आणि मूळ पूर विसरला गेल्यावर रेझिस्टन्स वाढून कोड येतो.

पाणी ओसरल्यावर चावी न फिरवता आधी बॅटरीचं टर्मिनल काढा. पाण्याच्या रेषेचे फोटो विम्यासाठी काढा. मग सीट आणि गालिचा बाहेर काढून फोम उन्हात पूर्ण वाळवा. मॉड्यूलच्या आवरणावर गाळाची रेषा दिसली, किंवा कपलरच्या तोंडातून पाणी निघालं, तर तो बदला. स्प्रे मारून, हेअर ड्रायरने सुकवून पुन्हा लावलेला मॉड्यूल काही काळ लाइट विझवेलही, पण आतल्या सर्किटवर गंज चालूच राहतो, आणि त्याच सर्किटवर आयुष्य सोपवायचं असतं. बेल्टचा प्रीटेन्शनर बहुतेक गाड्यांत दाराच्या मधल्या खांबाच्या तळाशी असतो, तोही पाण्याखाली गेला असेल तर बदलायच्या यादीत घ्या.

जुनी गाडी घेताना बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. एरवी आत गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. तिथे गाळाचा पट्टा असेल, तर गाडी किती पाण्यात होती ते तिथेच लिहिलेलं आहे.

दुसऱ्या गाडीवरून सेल मारला, तेव्हापासून लाइट आहे.

कमी व्होल्टेजचा कोड साठला असेल. बॅटरी बंद गाडीत १२.४ ते १२.६ आणि चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवी. आधी बॅटरी व अल्टरनेटर ठीक करा, मग कोड पुसा. परत आला नाही तर विषय मिटला.

अपघातात एअरबॅग उघडली. मॉड्यूल 'रिसेट' करून चालेल का?

धडक नोंदली गेली की मॉड्यूल ती साठवून स्वतःला कुलूप लावतो. ती नोंद पुसून देणारे आहेत, पण बहुतेक कंपन्या मॉड्यूल बदलायलाच सांगतात, आणि तेच योग्य. त्यासोबत उघडलेल्या एअरबॅग, सुटलेले प्रीटेन्शनर, पुढचे सेन्सर आणि उष्णतेने पोळलेली क्लॉक स्प्रिंग बदलावी लागते. नवा मॉड्यूल बसवताना त्यावरचा बाण गाडीच्या पुढच्या दिशेला हवा आणि बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर आवळलेले हवेत. सैल मॉड्यूल धडकेचा झटका चुकीचा मोजतो.

एअरबॅगच्या जागी कायमचा रेझिस्टर लावून लाइट घालवून देतो, असं गॅरेजवाले म्हणतात.

ते काम करू देऊ नका. रेझिस्टर निदानासाठी आहे, दहा मिनिटांसाठी. तो आत सोडला तर मॉड्यूलला एअरबॅग आहे असं वाटतं, लाइट विझतो, आणि कव्हरखाली काहीच नसतं. तुमच्यानंतर ती गाडी घेणाऱ्यालाही हे कधी कळणार नाही. तुटलेल्या पिवळ्या तारांना पीळ देऊन टेप गुंडाळणंही असंच. कंपनीने दिलेला दुरुस्ती संच किंवा नवी वायरिंग, एवढेच मार्ग आहेत.

'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' असा वेगळा लाइट दिसतो.

तो दोष नाही. शेजारच्या सीटची एअरबॅग चावीने बंद केलेली आहे, किंवा सीटवर कोणी बसलं नसल्याचं सेन्सर सांगतो आहे. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट पुढे लावायची असेल, तर ही एअरबॅग बंदच हवी. मोठं माणूस बसलं की पुन्हा चालू करायला विसरू नका.

डॅशबोर्डवर गणपती ठेवला आहे. अडचण आहे का?

शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला 'एअरबॅग' हा शब्द कोरलेलं झाकण कुठे आहे ते पाहा. त्यावर मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड किंवा चिकटवलेली चटई नको. झाकण उघडताना ती वस्तू थेट शेजारच्याच्या तोंडावर येते. बाप्पांना झाकणापासून दूर, मधल्या भागात बसवा. गाडीच्या बंपरपुढेही लोखंडी गार्ड लावू नका. तो धडकेचा झटका बदलतो आणि सेन्सरचा अंदाज चुकतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे.

लाइट नाही, कोड नाही. म्हणजे एअरबॅग नक्की चांगली?

एक दोष कुठलाच स्कॅनर दाखवत नाही. टाकाटा कंपनीच्या जुन्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत ते बिघडतं आणि पेटल्यावर धातूचं कवच फुटून तुकडे उडतात. होंडासह काही कंपन्यांनी भारतातही अशा गाड्या परत बोलावल्या. गाडी जुनी असेल तर आरसी बुकावरचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. भाग फुकट बदलून मिळतो.

माझ्या गाडीत एअरबॅग आहे तरी का?

ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या प्रवाशाची नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून. त्याआधीच्या गाडीत ती असेलच असं नाही. स्टेअरिंगच्या मधोमध 'एसआरएस एअरबॅग' कोरलेलं आहे का ते पाहा.

जुनी, न उघडलेली एअरबॅग भंगारवाल्याला दिली तर?

देऊ नका. आत स्फोटक आहे, आणि गॅस कटरच्या ज्योतीने ती पेटते. अधिकृत स्क्रॅप केंद्रात किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ती सुरक्षित अंतरावरून उडवून मगच मोडीत काढतात.

दुरुस्ती झाली, हे कसं पडताळायचं?

कोड पुसा. चावी तीनदा ऑन-ऑफ करा आणि दर वेळी लाइट आपला आपण विझतो का पाहा. स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, पुढच्या सीट पूर्ण पुढे-मागे करा, दोन्ही बेल्ट लावून सोडा. मग खराब रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा. 'जुना' रकान्यातही काही नसेल, तर तो रिपोर्ट छापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.